कुलपाची टंचाई

टंचाई निवारण कार्यालय कायमचं बंद करायला राजधानीहून साहेब आले, आणि दाराला लावायला सरकारी कुलूपच मिळेना.

बाजार परदेशी मालानं ओसंडून वाहतोय, तेव्हा टंचाई संपली, असा वरून हुकूम होता. पण सरकारी दाराला सरकारी कारखान्याचंच कुलूप हवं, हा नियम रद्द करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कारखाना याच साहेबांनी गेल्या आठवड्यात बंद केला होता. त्याचं शेवटचं कुलूप त्याच्याच फाटकाला लागलं होतं.

हेडक्लार्कांना मनातून देव पावल्यासारखं झालं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हे कार्यालय दोन वर्षांपुरतं उघडलं होतं, तेव्हापासून हेडक्लार्कही हंगामीच. त्यांचं आडनाव लोक विसरले. सगळे त्यांना ‘तात्पुरते’ म्हणत. पुढच्या महिन्यात एकदाचे कायम व्हायचे होते. झाले तर पेन्शन, नाहीतर हात हलवत घरी. सकाळीच बायकोनं बजावलं होतं, “अहो, महिनाभर तरी काहीतरी खोडा घाला. जन्मभर दुसऱ्यांच्या कामात घातलात, एकदा स्वतःसाठी घाला!”

“कुलूप नाही तर सील नाही,” साहेबांनी घाम पुसला. “मिळेपर्यंत ठेवा चालू.”

टायपिस्ट बाईंनी टाइपरायटरवरचं कापड हळूच पुन्हा काढलं.

“पण काय म्हणावं याला,” साहेब हसत सुटले, “टंचाई निवारणवाल्यांकडेच कुलपाची टंचाई!”

ते तात्पुरत्यांच्या वर्मी लागलं. साखर म्हणू नका, सिमेंट म्हणू नका, शिवणाच्या सुया म्हणू नका, एवढ्या वर्षांत एकाही वस्तूची टंचाई या कार्यालयानं निवारली नव्हती. अर्ज घ्यायचा आणि ‘बघू’ म्हणायचं, एवढंच काम. त्याची त्यांना मनापासून लाज वाटायची.

“अर्धा तास द्या, साहेब.”

“गप्प बसा हो, तात्पुरते!” बाई कुजबुजल्या. पण ते जिना उतरलेसुद्धा.

परतले ते धापा टाकत. हातात तळहाताएवढं, पितळी, सरकारी कारखान्याचा शिक्का असलेलं अस्सल कुलूप. साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढून ते दाराला दाबलं. खट्ट!

“शाबास! कुठून पैदा केलंत?”

“निवारली, साहेब!” तात्पुरत्यांची छाती फुगली होती. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

घरी बायको उंबऱ्यातच उभी होती.

“घातलात का खोडा? आणि अहो, आपल्या दाराचं कुलूप कुठं गेलं? कडीला लटकत होतं ते दुपारपासून दिसत नाही.”

फुगलेली छाती आत्ता कुठे खाली आली. तात्पुरते चपला काढत राहिले, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

“आता कुलूप कशाला लागतंय घराला?” ते म्हणाले. “झालो ना मी कायम. इथं.”