भिंतीपलीकडची शीळ

प्रसेनजित तिकडं आफ्रिकेत, झांबियात, विहिरींचे बोअर मारायच्या गाडीवर कामाला होता. त्याचा फोन आला की मागं एक पाखरू हमखास तीन उतरत्या शिट्ट्या मारायचं. "माय, टिचभर पाखरू हाये," तो सांगायचा, "पन मादीच्या हनुवटीवर तुह्यासारखं गोंदण हाये." ऐकून ऐकून चांगुणाबाईला ती शीळ पाठ झाली होती.

गेले काही दिवस त्याचा फोन लागतच नव्हता. आज सकाळी जानेफळच्या आपल्या अंगणात ती भांडी घासत होती, आणि शेजारच्या माणिककाकांच्या भिंतीपलीकडून तीच शीळ आली. तिच्या हातातला तांब्या सुटला.

लेकीनं, करिष्मानं, पाखरं ओळखायच्या ॲपला ती शीळ ऐकवली. हनुवटीवर तांबूस ठिपका असलेलं पाखरू मोबाईलवर उमटलं. खाली लिहिलं होतं, फक्त आफ्रिकेत आढळतं.

"मंग इथं काऊन बोलून राह्यलं बाई?" चांगुणाबाईनं करिष्माचा दंड धरला. "माह्यं पोरगं बरं हाये ना?"

करिष्मा स्टुलावर चढून पलीकडं डोकावली आणि हसतच सुटली. "माय, काकाचा पोपट हाये तो! मेल्यानं तुह्या फोनातली शीळ उचलली."

चांगुणाबाईनं छातीवर हात ठेवून श्वास सोडला.


तेवढ्यात पोपट पुन्हा बोलला, हुबेहूब प्रसेनजितच्या आवाजात, "काका, मायले सांगू नका!"