स्पीकरवर घातलेले पैसे

“माझं ऐकशील तर निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरवर घाल,” तालांतचा मित्र ओरोझ म्हणाला. “बाकी सगळं त्यांच्या मागून येतं.”

“आणि त्यांना जोर कोण देणार? तुझे आजोबा?” दुकानदार मध्येच बोलला. “अॅम्प्लिफायर मरतुकडा असला की दांडगा स्पीकरसुद्धा कण्हत बसतो.”

तालांतला दोघांचंही पटत होतं आणि तीच पंचाईत होती. त्यात त्याला स्वतःला वाटत होतं, की तबकडीवर फिरणाऱ्या सुईनेच सूर नीट उचलला नाही तर पुढे कितीही भारी सामान लावून काय उपयोग? एकच वस्तू मनासारखी घेता येईल एवढेच पैसे खिशात होते. तेही गाडीच्या हिवाळी टायरांसाठी बाजूला ठेवलेले. बिश्केकमध्ये आता बर्फ कधीही पडलं असतं.

“ऐकायचं काय आहे, ते तरी सांगा,” दुकानदार म्हणाला.

तालांतने कोटाच्या आतून एक जुनी तबकडी काढली. वेष्टनावर कोमुझ हे तंतुवाद्य मांडीवर घेतलेली एक तरुण मुलगी होती. केसांच्या वेण्या, नजर थेट समोर.

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. “ही तर बुरुल! आमच्या घरी होती ही तबकडी. तुम्हाला कुठे मिळाली?”

“घरातलीच आहे. ती माझी आई.”

दुकानदाराने वेष्टनावरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, “अजून वाजवतात?”

“नाही.”

तालांतचे वडील कुबात गेल्यापासून बुरुलने कोमुझला हात लावला नव्हता. संध्याकाळी ती वाजवायची आणि कुबात स्वयंपाकघरात चहाचा वाडगा धरून डोळे मिटून ऐकायचे. त्यांना पुरून आल्यावर तिने ते तीन तारांचं वाद्य भिंतीला टांगलं. “ऐकणारा गेला,” एवढंच म्हणाली. त्यानंतर ती बोलायचीही कमी झाली. जेवायला हाक मारली की यायची, दोन घास खायची, पुन्हा खिडकीशी जाऊन बसायची. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही.

तिचाच जुना हात तिला ऐकवला तर काहीतरी हलेल, असं तालांतच्या मनाने घेतलं होतं. सकाळी त्याने तसं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, “माझाच आवाज मला काय ऐकवतोस? यंत्रं नकोत घरात.”

शेवटी ओरोझ जिंकला. लाकडी पेटीतले दोन थोराड स्पीकर घेतले. उरलेल्या पैशांत अॅम्प्लिफायर आणि तबकडी फिरवायचं यंत्र बसवलं; दोन्ही दुसऱ्याने वापरलेली.

सामानाची पहिली खेप वर नेली तेव्हा तालांतची बायको चोल्पोन दारातच उभी होती.

“टायर केवढे गोल निघाले!” ती स्पीकरकडे बघत म्हणाली.

“अगं, एकदा ऐक तरी.”

“ऐकते. घाट उतरताना गाडी घसरली की हेच लावू चाकांना.” पण तिने बाह्या सारल्या. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. “जा, तुम्ही दुसरा स्पीकर आणा. तोवर मी जोडून ठेवते. वायरी तुमच्या हाती नकोत.”

आतल्या खोलीत बुरुल खिडकीशी बसली होती. तिने मान वळवून पाहिलंही नाही.

दोघे खाली गेले. दुसरा स्पीकर उचलून, धापा टाकत जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्यावर आले आणि वरून आवाज आला.

तार छेडल्याचा. मग पुन्हा तीच, जरा चढी.

“तारा जुळवतायत की!” ओरोझ जागीच थांबला. “हेसुद्धा आलंय तबकडीत?”

“लहानपणी कधी ऐकू आलं नव्हतं,” तालांत पुटपुटला. “आमचं जुनं यंत्र डबडंच होतं म्हणा.”

मग धून सुरू झाली. दोघांनी स्पीकर हळूच पायरीवर टेकवला. नखाचा लाकडावर होणारा टक्कन आवाज वेगळा कळत होता. मधेच एक लांब श्वास ऐकू आला, अगदी कानाशी घेतल्यासारखा. तालांतच्या अंगावर काटा आला.

“वेग मात्र कमी वाटतोय.”

“यंत्राचा पट्टा सैल असेल. बदलता येतो,” ओरोझ दबक्या आवाजात म्हणाला.

एका जागी सूर अडखळला, थांबला आणि तीच ओळ पुन्हा आली.

“तिथे चरा पडलाय बहुतेक,” ओरोझ म्हणाला.

“पडू दे रे. गप ऐक.”

शेजारच्या झिनाइदा मावशींनी दार उघडलं. हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. “बुरुलच ना ही?”

“तिची तबकडी आहे, मावशी. नवे स्पीकर आणलेत.”

मावशी पिठाचा हात छातीवर ठेवून चौकटीला टेकल्या आणि डोळे मिटून घेतले.

“एका स्पीकरवर हे,” ओरोझ कुजबुजला, “दोन लागले की काय होईल! सांगितलं नव्हतं मी?”

वडील गेले तेव्हाही तालांत रडला नव्हता. आता गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. एवढ्याशा लाकडी पेटीतून आख्खं माणूस बाहेर येऊ शकतं, हे त्याला खरंच वाटत नव्हतं. टायर गेले तर गेले.

स्पीकर पायरीवरच ठेवून ते उरलेला जिना चोरपावलांनी चढले. दार उघडंच होतं. चोल्पोन बोळात भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचेही डोळे भरलेले. धून चालूच होती.

“काय वहिनी?” ओरोझने अगदी हळू विचारलं. “आता कबूल करा. कशामुळे आहे हा आवाज? स्पीकरमुळेच ना?”

चोल्पोनने ओठांवर बोट ठेवलं आणि हातातली वायर त्यांच्यापुढे धरली.

“प्लग आपल्या सॉकेटात जातच नाहीये,” ती कुजबुजली.