किल्ली फिरवली की सुरू

"बिघडलं तर मिस्त्री तालुक्याला मिळेल ना?" अच्युतरावांनी पुन्हा विचारलं.

"मिस्त्री लागतोय कशाला? तेल बदला, पाती धुवा, किल्ली फिरवली की सुरू," दुकानदार म्हणाला. "आणि गवत उचलायची कटकट नाही. जागेवरच भुगा होतो." हे ऐकून अच्युतरावांनी बसून चालवायचं ते गवत कापायचं लाल यंत्र पसंत केलं.

श्रावणात हौसाबाई नेहमीसारखी विळा-दोर घेऊन त्यांच्या शेतघरी आली. दरवर्षी आवारातलं गवत तीच कापायची आणि म्हशीसाठी भारे न्यायची. निघताना पायरीवर चहा घेत गावभरच्या गोष्टी सांगायची. एकट्या अच्युतरावांना तेवढीच सोबत.

आवार साफ झालेलं पाहून तिनं मूठभर भुगा उचलून हुंगला. "पेट्रोलचा वास येतोय. म्हस तोंड लावायची न्हाई." मग हात झटकून म्हणाली, "असू द्या. तुमची दगदग वाचली." ती चहाला थांबली नाही. दुकानात अच्युतरावांनी इतके प्रश्न विचारले होते, हिला मात्र एक शब्द विचारला नव्हता.

यंत्र गुणी निघालं, कधीच अडलं नाही. पुढच्या पावसाळ्यात अच्युतरावांनीच ते शेडमध्ये ठेवून दिलं, गवत गुडघ्याएवढं होऊ दिलं आणि हौसाबाईला निरोप धाडला.

हौसाबाई रिकाम्या हातांनी आली. "म्हस इकली, दादा. इकतचा चारा परवडंना." चहाचं विचारेपर्यंत ती फाटकाबाहेर पडलीही होती.

अच्युतराव यंत्रावर बसले. किल्ली फिरवताच ते सुरू झालं.