सगळ्या बँडचा खांब

चादर पुन्हा भरली होती. सकाळपासून दुसऱ्यांदा.

सुनेने श्वास रोखला, सासूबाईंना कुशीवर वळवलं आणि एका हाताने त्यांना पेलत दुसऱ्या हाताने पाठ पुसायला घेतली. कमरेत कळ गेली. किळस सवयीने जाते म्हणणाऱ्यांनी हे काम कधी केलेलं नसतं. किळस जात नाही, ती फक्त चेहऱ्यावर दाखवायची नाही एवढं जमायला लागतं.

"अहो, जरा आईंना धरायला या ना!" तिने हाक मारली. "एकटीने नाही होत आता माझ्याच्याने."

"आत्ता नाही गं!" भिंतीपलीकडून नवरा ओरडला. "बँड उघडलाय!"

बँड उघडणं म्हणजे काय, हे तिला आता पाठ झालं होतं. हौशी रेडिओवाल्यांना लांबचे आवाज वाटेल तेव्हा मिळत नाहीत. प्रत्येक बँडची, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्याची, वेळ ठरलेली. पूर्वी अंगणात नुसती एक तार होती. ती एकाच बँडची, अंधार पडल्यावरच कामाची, त्यामुळे दिवसा तरी माणूस घरच्यांच्या वाट्याला येई. मग सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि त्याच महिन्यात साहेबांनी हा उंच अँटेनाचा खांब आणून रोवला. सगळ्या बँडवर चालणारा! सकाळी एक बँड उघडतो, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा. चादर बदलायच्या वेळेला तर कुठला ना कुठला उघडलेलाच.

"राहू दे गं," सासूबाई पुटपुटल्या. "लोक खोळंबलेत त्याच्यासाठी."

लेक साऱ्या जगाशी बोलतो याचा त्यांना कोण अभिमान! लेक आईच्या खोलीत येई तो दारापर्यंतच, नाकाला रुमाल लावून. "कशी आहेस आई?" विचारी आणि उत्तर यायच्या आत पसार होई. पाहुण्यांसमोर मात्र छाती फुगवून सांगे, "जगाच्या त्या टोकाचा, डासाच्या गुणगुणीएवढा बारीक आवाजसुद्धा मी पकडतो."

तिने चादर धुतली, पिळली आणि अंगणात नेली. वाळत घालायची दोरी आधीच भरलेली होती. म्हणून खांबाला आधार द्यायला बांधलेल्या दोरावर तिने ती टाकली. खाडकन नवऱ्याच्या खोलीची खिडकी उघडली.

"अगं, तिथे नको! ओल्या कपड्याने सिग्नल बिघडतो. आणि वास येतोय सगळा इकडे."

खिडकी बंद झाली.

वास येतोय म्हणे! तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग कुंपण छाटायची कात्री आणली. खांबाच्या बुंध्यापासून त्याच्या खोलीत एकच काळी केबल जात होती. तिने तिचा हातभर तुकडाच कापून काढला. तो हातात धरून ती तशीच उभी राहिली. आता तो तणतणत बाहेर येणार, आणि आला की काय काय ऐकवायचं ते तिने मनात लावून ठेवलं होतं. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं.

कोणीच आलं नाही.

तुकडा हातात घेऊनच ती घरात गेली. सासूबाईंसाठी गरम पाण्याचं भांडं घेऊन ती त्याच्या खोलीच्या दाराशी आली. तिची पावलं वाजली, तसा आत आवाज सुरू झाला.

"हो, हो, बोला! अगदी स्वच्छ येतोय तुमचा आवाज! इकडे हवा छान आहे..."

तिने दार ढकललं.

हेडफोन खुंटीला होता. रेडिओचा दिवासुद्धा लागलेला नव्हता. टेबलावर पत्त्यांचा डाव मांडलेला, बाजूला बिस्किटांचा पुडा, आणि नवऱ्याच्या हातात बदामची राणी.

त्या चादरींची कधी आली नव्हती एवढी शिसारी तिला आली. पण लावून ठेवलेल्यातला एकही शब्द तिने काढला नाही. केबलचा तुकडा पत्त्यांवर ठेवला.

"बाळू..." भिंतीपलीकडून सासूबाईंची हाक आली. अगदी बारीक.

"बारीक आवाज पकडता ना तुम्ही?" तिने गरम पाण्याचं भांडं त्याच्या हातात दिलं. "जा, उत्तर द्या. आणि तो रुमाल इथेच ठेवून जा."