थांबायची कमांड

“हिला काढा,” सुपरफास्ट म्हणाला आणि त्याने फळ्यावरच्या ‘स्लीप’ या नावावर काट मारली.

दुपार कलत होती. पडद्याआडून आलेलं ऊन टेबलावर सांडलं होतं आणि डोक्यावरचा पंखा स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. नव्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कुठल्या छोट्या छोट्या कमांड्स पहिल्यापासून हव्यात आणि कुठल्या नकोत, ते या खोलीत ठरायचं होतं. फाइल दाखवणारी, ओळी मोजणारी, शब्द शोधणारी. एकेक नाव वाचलं जाई, माना डुलत, नाव फळ्यावर राही. सकाळपासून अंगाई म्हणावी तसं हे चाललं होतं. समितीतली निम्मी मंडळी डोळे उघडे ठेवून झोपली होती म्हणा ना.

सुपरफास्ट समितीचा प्रमुख. हे नाव त्याला ऑफिसने दिलं होतं, आणि काही उगाच नाही. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हा उत्तर देऊन मोकळा. त्याचा डबा टेबलाच्या कडेला तसाच बंद पडला होता. जेवायला वेळ कुणाला आहे!

“पण सर, स्लीप तर सगळीकडे...” एकजण जांभई आवरत म्हणाला.

“सगळीकडे असते म्हणून आपणही ठेवायची? अरे, ती करते काय? पाच सेकंद थांब म्हटलं की पाच सेकंद थांबते. झालं! काही न करण्यासाठी जागा अडवून बसलीय नुसती.”

सगळे हसले. ताई तेवढ्या हसल्या नाहीत. ताई समितीत सगळ्यांत ज्येष्ठ. सुपरफास्ट प्रोग्राम लिहायला शिकला तो त्यांच्याच हाताखाली. “काढून बघ ना मग,” त्या म्हणाल्या. “हातच्या काकणाला आरसा कशाला?”

कोपऱ्यात चाचणीचं एक छोटं मशीन होतं. ते सुरू होताना त्यातला एक प्रोग्राम डिस्कची वाट बघायचा. ‘तयार?’ असं विचारायचा. उत्तर आलं नाही की स्लीप सांगेल तितका वेळ गप्प बसायचा, मग पुन्हा विचारायचा. सुपरफास्टने त्यातली स्लीप उडवली आणि मशीन सुरू केलं. “आता बघा कसं चुटकीसरशी होतं ते.”

पडद्यावर ओळी धावू लागल्या. तयार? तयार? तयार? तयार? वाचताही येईनात इतक्या वेगाने त्या वर सरकत होत्या. मशीन तापलं, घरघरू लागलं. डिस्क काही तयार होईना. बराच वेळ सगळे नुसते त्या ओळींकडे बघत राहिले. बघता बघता गुंगी यावी असंच ते होतं.

“डिस्कच बिघडलेली दिसतेय,” सुपरफास्ट म्हणाला.

“डिस्कला काहीही झालेलं नाही,” ताई शांतपणे म्हणाल्या. “मशीनचा सगळा वेळ तुझं हे विचारणंच खाऊन टाकतंय. तयार व्हायला त्या बिचारीच्या वाट्याला एक क्षण तरी येतोय का?”

सुपरफास्ट पुन्हा पडद्याकडे वळला. सकाळी बायकोही हेच म्हणाली होती, फक्त मशीनबद्दल नाही.

त्यांची लेक बोलताना अडखळायची. एखादा शब्द ओठांवरच अडकून बसायचा. तिची ती धडपड त्याला बघवायची नाही आणि तो तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा. “मी मदतच करतो ना तिला!” तो सकाळी तडकून म्हणाला होता. “वर्गात ती तोंडही उघडत नाही,” बायको म्हणाली होती. “तुला फोन मात्र अजून करते. एक दिवस तोही बंद करेल, मग बस मदत करत.” तो डबा उचलून तसाच निघून आला होता.

टेबलावरचा फोन थरथरला. लेक शाळेतून आली की रोज फोन करायची.

“बाबा, तू... तू... तू...”

‘कधी येणार?’ त्याच्या अगदी जिभेवर आलं. रोज तो हेच म्हणायचा. “कधी येणार, हेच ना? येतो गं बाळा, लवकर येतो.” पलीकडून नुसतं “हं” यायचं आणि फोन बंद व्हायचा.

आज त्याने ओठ घट्ट मिटले. एक कळ दाबून मशीन थांबवलं. ओळी थांबल्या, घरघर थांबली. पंख्याचा आवाज तेवढा उरला, आणि कानाशी तिचा श्वास. खोलीत आता कुणीच पेंगत नव्हतं. हालतही नव्हतं कुणी.

तो उठून फळ्यापाशी गेला. स्लीपवरची काट त्याने बोटाने पुसली. तिच्यासोबत अक्षरंही पुसली गेली. मग खडू घेऊन त्याने ती पुन्हा लिहिली, पहिल्यांदाच लिहायला शिकावं तशी सावकाश.

“तू...” पलीकडून आलं, आणि पुन्हा शांतता. त्याचा जीव कासावीस झाला. तरी तो ‘सांग’ सुद्धा म्हणाला नाही. टेबलावरचं ऊन सरकत सरकत डब्यापर्यंत आलं होतं.

“तू... जेवलास का, बाबा?”