चौथी वीट

काकू चहाचा थर्मास घेऊन लेकीच्या गॅरेजात शिरल्या आणि दारातच थबकल्या. जीपला नवे टायर चढले होते. एकेक टायर त्यांच्या कमरेला लागत होता.

"अगंबाई! ही जीप आहे की हत्ती?" त्या म्हणाल्या. "आणि अहो, घरची मागची पायरी अर्धवट टाकून इथे काय बसलात? विटाही गायब केल्यात."

काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्या हातात नेहमीचं मऊ पिवळं फडकं होतं आणि ते मडगार्ड पुसत होते.

या जीपला काकू सवत म्हणायच्या. दर रविवारी तिला साबणाची आंघोळ, मग पॉलिश, आणि मडगार्डवर कुणी नुसती पिशवी टेकवली तरी काकांच्या कपाळाला आठी. पण सवत असली तरी तिच्यात काकांच्या शेजारची सीट काकूंची होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती सीट रिकामी पडली. टेकडीपलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडेही जाणं तुटलं. तिथली वाट म्हणजे नुसते दगडगोटे, आणि मध्ये तो ओढा, ज्यात ही जीप मागे एकदा रुतून बसली होती. "फोन आहे की," असं काकू सगळ्यांना सांगायच्या. आता या टायरांवरच्या जीपमध्ये चढायचं म्हणजे शिडीच लागणार. म्हातारपणी नवऱ्याला एकट्याने भटकायची हुक्की आलेली दिसतेय, असं त्यांच्या मनात आलं आणि फार वाईट वाटलं. वरकरणी मात्र त्या कपात चहा ओतत राहिल्या.

लेक जीपखालून सरपटत बाहेर आली. "बाबा, शेवटचं सांगते. स्टिअरिंग वळवलं की चाक मडगार्डला घासतंय. बॉडी आणखी चार इंच उचलू. एवढे मोठे टायर घालणारे सगळे तसंच करतात."

"दोन इंच उचललीस ना? बास. आता सूतभरही नाही."

"मग पत्रा कापावा लागेल."

"काप."

लेक बापाकडे बघतच राहिली. "मडगार्ड कापू? तुमचं?"

"काप म्हटलं ना. उंच गाडी वळणावर कलंडते."

"नाही कलंडत. आणि चढायला उंच वाटली तर खाली पायरी लावून देते."

"पहिल्याच दगडावर आपटून मोडेल ती. तू काप."

काकूंना राहवेना. "अहो, पोरीला त्यातलं कळतं, तिचं ऐका की जरा. उचला हवी तेवढी. मला कुठे बसायचंय त्यात?"

काकांनी खडूने मडगार्डवर स्वतःच रेघ ओढली, फडकं खिशात कोंबलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ग्राइंडर किंचाळायला लागला तसे ते गेल्या वर्षीचं कॅलेंडर मन लावून वाचू लागले. पत्र्याची पहिली कोर खणकन खाली पडली तेव्हा त्यांचे खांदे दचकलेले काकूंनी पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सवतीची दया आली. त्यांनी गुपचूप चहाचा कप नवऱ्याच्या हातात दिला.

दोन्ही बाजू कापून झाल्या. लेकीने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. चाक कुठेच घासलं नाही.

मग काकांनी जीपच्या मागून एक लाकडी ठोकळा काढला, घरच्या मागच्या पायरीएवढ्याच उंचीचा. तो त्यांनी काकूंच्या बाजूच्या दाराशी ठेवला आणि त्यावर एकावर एक तीन विटा रचल्या. तिसऱ्या विटेचा माथा जीपच्या दारात पाय टाकायच्या जागेशी अगदी बरोबर जुळला.

काकूंनी विटा ओळखल्या. वरच्या विटेला त्यांच्याच कुंडीचा हिरवा रंग लागला होता. पायरी दुरुस्त करतोय म्हणून हा माणूस रोज तिच्यावर एकेक वीट वाढवत होता आणि खिडकीत पेपर धरून बसत होता. काकू बडबडत एक वीट चढल्या होत्या, दोन चढल्या होत्या, तीनही चढल्या होत्या. चौथीला मात्र मुकाट्याने वळून पुढच्या दाराने घरात गेल्या होत्या. त्याच दिवशी विटा नाहीशा झाल्या होत्या.

"ताईला फोन लाव," काका विटा आणि ठोकळा बाजूला सारत म्हणाले. "म्हणावं, दुपारच्या जेवणाला येतोय. ओढा ओलांडून."

लेकीने हात पुढे केला. तो काकूंनी झटकला, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली आणि पाय उचलला. गुडघा कुरकुरला. काकूंनी ओठ मिटून घेतले, एकदा दम खाल्ला आणि सीटवर जाऊन बसल्या.

"बाबा, आधी सांगायचं ना!" लेक ग्रीसच्या हाताने डोळे पुसत म्हणाली. तिचं नाक काळं झालं.

काकूंनी खाली पडलेल्या चकचकीत पत्र्याच्या कोरांकडे पाहिलं. त्यांना अजून धाप लागली होती.

"उगाच कापलंत ते," त्या म्हणाल्या. "चौथीही चढले असते मी. त्या दिवशी हातात दुधाचं पातेलं होतं."

"माहीत आहे मला," काका म्हणाले. त्यांनी खिशातून पिवळं फडकं काढलं, त्याची स्वच्छ बाजू पाहून घेतली आणि बायकोच्या कपाळावरचा घाम हलकेच टिपला.