अर्धं कीर्तन

“समुद्रात उतरायचं नाही,” असं लेकीला, संचिताला, तोंडावर सांगायला वासंतीबाई ‘तोंडातला घास दुसऱ्याला द्यावा’ यावरचं कीर्तन अर्धं टाकून बेव्हर्ली पार्कच्या पोहण्याच्या तलावावर आल्या. संचिता दोन्ही काखांखाली हवेची एकेक टाकी बांधून पाण्याखाली सराव करत होती. सरावातल्या जोडीदारानं हवा संपल्याची खूण केली, तशी तिनं आपल्या तोंडातली श्वासाची नळी काढून त्याला दिली आणि गळ्यात अडकवलेली दुसरी स्वतःच्या तोंडात धरली.

ती वर आल्यावर वासंतीबाईंनी विचारलं, “तोंडातलीच का गं दिलीस? दुसरी होती की.”

“तोंडातली चालतेय हे नक्की असतं ना, आई. दुसरीचं काय सांगावं?”

वासंतीबाईंनी पिशवीतून डबी काढून लेकीच्या ओल्या कपाळाला बुक्का लावला. अर्धं टाकलेलं कीर्तन इथं पुरं झालं होतं.

“समुद्रावर कधी निघताय?” त्यांनी दोघांना विचारलं.